ब्याण्णवाची फुगडी

काल जेवताना आमचे चिरंजीव मला काय म्हणाले, माहितीय? पान समोर, हातात भाकरीचा तुकडा, आणि मला म्हणतात — "आई, उद्याच्या कीर्तनात ते घड्याळाचं काढू नकोस. लोक हसतात."

घ्या! मंडळी, मी आज महिषासुराचं आख्यान लावणार होते. सदूभाऊंना विचारा, सकाळपासून डग्ग्यावर रेड्याचं डुरकणं बसवतायत. पण पोटच्या पोरानं 'काढू नकोस' म्हटल्यावर महिषासुर तरी काय करणार बिचारा! बसला जाऊन मागं. सदूभाऊ, ते डुरकणं ठेवा जपून. लागेल.

तो बघा — डावीकडं, खांबाला टेकून बसलाय. हेरंब त्याचं नाव. मान खाली घालू नकोस रे, अजून काहीच सांगितलं नाही मी!

बोला, भवानी आईचा — उदो!

तर आजचा प्रश्न असा. माणसाला काही होतंय, हे कुणाच्या तोंडून खरं मानायचं? ज्याला होतंय त्याच्या, का जो मोजतोय त्याच्या?

सोपं वाटलं ना? पुढच्या बायकांच्या माना लगेच डोलायला लागल्या. 'त्यात काय आक्का, ज्याला होतंय त्याच्या!' थांबा. घरी सून म्हणाली, 'आई, कंबर दुखतीय', तर पहिलं काय बाहेर पडतं तुमच्या तोंडातून? 'एवढ्यात? अजून तर भांडी पडलीत!' — हं! आता का थांबल्या माना?

ऐका मग. आख्यान आमच्याच घरचं. पुराणातलं नाही म्हणून कमी समजू नका. पुराणातली माणसंही कुणाच्या तरी घरचीच होती.

आमची सून वृंदा. पेटीमागं बसलीय ती. आम्ही तिला मागणी घालून आणली तेव्हाच मी सांगितलं होतं, पोरीचा गळा चांगला आहे, बाकीचं बघायला नको. बाकीचंही चांगलं निघालं, तो भाग निराळा. श्रावण आला की गावातल्या बायकांची मंगळागौर हीच उभी करते. झिम्मा काय, फुगडी काय, पिंगा काय! अंगात वीज आहे नुसती. तालुक्याला मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा असते, तिथं आमच्या गावाची म्होरकी हीच.

आणि हेरंब. त्याची नोकरी कालव्यावर. कालव्याच्या दारापाशी पाण्यात पट्टी उभी असते, आकडे रंगवलेली. पाणी कुठवर चढलं ते बघायचं आणि वर कळवायचं. जन्म गेला पट्टी वाचण्यात! त्याच्या अंगात मोजणं भिनलंय. चहा पिताना कपात किती उरला ते बघतो. लग्नात मी त्याच्या कानात म्हटलं, 'सून कशी वाटली?' तर म्हणतो, 'उंची बरी आहे.'

हसा, हसा. तो म्हणतोच आहे लोक हसतात म्हणून.

तर गेल्या वर्षी काय झालं, श्रावण लागायच्या आधी वृंदा पाणी भरता भरता खाली बसली. छातीत धडधड. अशी धडधड की पदर हलताना दिसावा! थोड्या वेळानं आपोआप थांबली. पण नेली तालुक्याला, डॉक्टरीणबाईंकडं. तपासलं, तारा चिकटवल्या, कागद काढला. बाई म्हणाल्या, हृदय चांगलं आहे, पण मधूनच त्याची चाल बिघडते. घोडं कसं उधळतं, तसं. गोळ्या दिल्या.

वृंदानं पहिला प्रश्न काय विचारला? 'मी वाचेन का' नाही! "बाई, मी झिम्मा खेळू का?"

बाई म्हणाल्या, "खेळा. पण दोन गोष्टी पाळायच्या. नाडी एकशेतीसच्या पुढं गेली तर थांबायचं. आणि धडधड वाटली, डोळ्यांपुढं अंधारलं, हाताला मुंग्या आल्या, तर नाडी कितीही असो, थांबायचं."

गोष्टी किती झाल्या? दोन! मोठ्यानं बोला, खांबाकडं ऐकू जाऊ द्या. दोन! हेरंबरावांच्या ध्यानात राहिली किती? एक. जिच्यात आकडा होता ती!

दुसऱ्या दिवशी घड्याळ आलं. काळं, चपटं. त्यात वेळ दिसते, पण ती बघायची नाही. त्यात नाडी दिसते! घड्याळ वृंदाच्या मनगटाला, आणि आकडा हेरंबच्या फोनात. म्हणजे छाती बायकोची आणि चावी नवऱ्याच्या खिशात. असो.

आता घड्याळ बांधायचं कुठं? श्रावण तोंडावर. मंगळागौरीची पूजा. वृंदाच्या दोन्ही हातांत कोपराच्या दिशेनं चढलेल्या हिरव्या बांगड्या. मीच कासाराला घरी बोलावून भरल्या होत्या, घट्ट मापाच्या. हेरंब म्हणाला, "वृंदा, बांगड्या काढ. घड्याळ नीट बसत नाही."

मी म्हटलं, "कुणी काढायला सांगितल्या?"

"आई, अगं घड्याळ—"

"घड्याळ आज आलंय. बांगड्या लग्नापासून आहेत. उशिरा आलेल्या पाव्हण्यानं मिळेल त्या जागेवर बसावं."

बसलं! मनगटाच्या हाडावर, बांगड्यांच्या मधोमध, त्यांच्यासारखंच खालीवर खुळखुळत. आणि माझ्याकडं असं बघू नका. मी बरोबरच बोलले होते. घड्याळाला दुसरी जागा होती, ती कुणी शोधली नाही. ते येईल पुढं.

पहिली तालीम याच मंडपात झाली. बायका गोल उभ्या. वृंदा मधे. झिम्मा सुरू झाला. सदूभाऊ, द्या जरा झिम्म्याचा ठेका! — हां! असा! टाळीवर टाळी, टाळीवर टाळी. आणि वृंदा वरच्या पट्टीत गातेय, धाप नाही, थकवा नाही, गालावर लाली. तेवढ्यात त्या खांबापासून ओरड आली — "थांबा! थांबा! एकशेपंचावन्न!"

बायका जागच्या जागी. समोरच्या शकूवहिनींची टाळी हवेतच राहिली. "काय झालं हो?"

"हिची नाडी एकशेपंचावन्न! वृंदा, बस खाली!"

वृंदा म्हणाली, "अहो, मला काही होत नाहीये. मी गातेय की!"

"घड्याळ काय खोटं बोलतंय?"

बसवली. पाणी पाजलं. जरा वेळानं आकडा उतरला. परत झिम्मा, परत एकशेपन्नास, परत "थांबा!" त्या दिवशी एक गाणं पुरं झालं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शकूवहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आक्का, राग मानू नका, पण म्होरकी दुसरी बघायची का? पोरीच्या जिवावर बेतायला नको."

माझी सून हे ऐकत होती, मंडळी. घरी आली, देवघरात गेली, आणि उगाचच स्वच्छ समई पुन्हा घासत बसली. बाईमाणूस स्वच्छ भांडं घासायला लागलं की समजावं, आत काहीतरी तुटतंय.

मी बाहेर आले. म्हटलं, "हेरंब, कालव्याच्या पट्टीवर आकडा भलताच दिसला तर काय करतोस रे?"

"आधी पट्टी बघतो. शेवाळ चढलंय का, कचरा अडकलाय का."

"मग बायकोला खाली बसवायच्या आधी पट्टी का नाही बघितलीस?"

हे त्याला लागलं. त्याच्या धंद्यातलं बोललं की लागतं. मग सुरू झाली घड्याळाची चौकशी! आधी पुसलं. घामाचा थर निघाला, आकडा तोच. मग रात्रभर चार्जिंगला लावलं. तोच. मग बंद करून चालू केलं. मग म्हणाला 'अपडेट' करायचंय. मी म्हटलं, कर बाबा, नैवेद्य दाखवायचा राहिला असेल तर तोही दाखव. मग पट्टा एक भोक घट्ट केला. तर बांगड्यांनी ते पुन्हा ढकललं, हाडावर.

शेवटी म्हणाला, मी माझ्याच हाताला बांधून बघतो. खुर्चीत बसला. ऐसपैस. मी म्हटलं, तिनं केलं तसं सगळं कर. टाळ्या वाजव! हा गडी खुर्चीत बसून झिम्म्याच्या टाळ्या वाजवतोय आणि फोन मांडीवर. शंभर... एकशेवीस... एकशेपंचेचाळीस!

मंडळी, याचा चेहरा पांढराफटक! "आई! मलाही झालंय! वृंदा, साखरपाणी! आई, हे घराण्यातच असेल का गं?"

मी म्हटलं, "अरे मेल्या, हात थांबव!"

हात थांबला. नव्वद. ऐंशी. पंच्याहत्तर!

वृंदा दारात उभी होती. हातात समई. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, "अहो, ते टाळ्या मोजतंय!"

आता ऐका, हे कसं होतं. डॉक्टरीणबाईंनी मग फोनवर सांगितलं, मी माझ्या भाषेत सांगते. त्या घड्याळाच्या पोटाला हिरवा दिवा असतो. तो कातड्यातून आत डोकावतो. रक्ताची लाट आली, एक मोजली. दुसरी आली, दोन. पण घड्याळ सैल असलं, हाडावर असलं, आणि हात एकसारख्या ठेक्यात आपटत असला, की त्या बिचाऱ्याला आतली लाट कुठली आणि बाहेरचा हिसका कुठला ते कळत नाही. जे जोरात वाजतंय तेच मोजत सुटतं. सदूभाऊ, पुन्हा द्या तो ठेका. — ऐकलंत? ही टाळी! हिला ते काळीज समजलं!

हसू नका घड्याळाला. आपण काय निराळे आहोत? बाहेर जे जोरात वाजतं त्यालाच आपण खरं मानतो. छातीत बसून ती भवानी आई जन्मापासून हळूच टाळ वाजवतेय. तिचा आवाज कुणाला ऐकू येतो? बोला, भवानी आईचा — उदो!

तुम्हाला वाटलं, संपलं आख्यान. दोष सापडला, झिम्मा सुरू, सगळे खूश. शकूवहिनींनी माफी मागितली, वृंदा परत म्होरकी झाली. पण नाही, मंडळी! माणसाला अर्धं कळलं की ते जास्त वाईट. बाई म्हणाल्या होत्या, "घड्याळ हाडापासून दोन बोटं वर, मांसाळ जागी बांधा, घट्ट. नाहीतर छातीला बांधायचा, ठोके मोजणारा पट्टा आणा." हेरंब हो हो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्यानं स्वतःचं गणित मांडलं. काय मांडलं? नीट ऐका, सगळं यातच आहे.

'हे घड्याळ जास्त दाखवतं. म्हणजे त्यानं कमी दाखवलं, तर बायको नक्कीच ठणठणीत!'

वरवर पटतं की नाही? मलाही पटलं असतं. पण जो साक्षीदार घाबरून जास्त बोलतो, तो उद्या गप्पही बसू शकतो! खोटं काय एकाच बाजूला बोलता येतं?

स्पर्धेचा दिवस. तालुक्याचं मोठं सभागृह, खुर्च्या, माइक, परीक्षक. आमच्या बायका नऊवारीत, नथी, गजरे. वृंदाच्या हातात हिरव्या बांगड्या आणि मधे ते काळं घड्याळ, जिथं होतं तिथंच. हेरंब रंगमंचाच्या खाली कडेला, फोन घेऊन. मी पहिल्या रांगेत. कुणी दिली नव्हती मला ती खुर्ची. मी बसले.

झिम्मा झाला. फोनात एकशेचाळीस. हेरंबनं मला खुणेनं सांगितलं, 'टाळ्या, टाळ्या!' आणि हसला. मीही हसले. खोटं कशाला सांगू. पिंगा झाला. मग फुगडी.

फुगडीत हात कसे असतात? आडवे, एकमेकींच्या हातात अडकवलेले. मुठी आवळलेल्या. मनगट वळलेलं. सगळं अंग मागं टाकायचं आणि गरगर! शकूवहिनी आणि वृंदा. भोवरा हो नुसता! टाळ्या, शिट्ट्या! फुगडी सुटली, दोघी कडेला आल्या. शकूवहिनी लोहाराच्या भात्यासारख्या धापा टाकत होत्या, पण हसत होत्या. वृंदा हसत नव्हती.

ती खाली वाकली आणि हेरंबला म्हणाली. मी तिथनं दोन हातांवर होते, शब्दन् शब्द ऐकला — "अहो, छातीत धडधडतंय. हाताला मुंग्या आल्यात."

आणि हा काय म्हणाला? फोनात बघितलं. "ब्याण्णव! वृंदा, ब्याण्णव फक्त! काही नाही तुला. भीती वाटतेय लोकांची."

"अहो, पण—"

"अगं हे घड्याळ जास्त दाखवतं, तरी ब्याण्णव! जा तू. थांबलीस तर नंबर जाईल."

ती उभी राहिली. मनगटाकडं बघितलं. मग नवऱ्याकडं बघितलं. मंडळी, तेव्हा तिच्या डोळ्यांत मला काय दिसलं सांगू? तिला स्वतःचाच संशय आला! 'माझंच काहीतरी चुकत असेल. आकडा तर बरा आहे. यांना कळतं.' असं म्हणून ती परत मधे गेली. स्वतःच्या छातीवरचा विश्वास बाईनं आज या खांबाला टेकून बसलेल्या माणसाच्या हातात देऊन टाकला!

दुसऱ्या फुगडीच्या आधी एक रिवाज असतो. म्होरकीनं नाव घ्यायचं. उखाणा. वृंदानं आठ दिवस आधीपासून जुळवला होता, आम्हा सगळ्यांना पाठ. माइक हातात घेतला.

"चौरंगावर मांडली गौर..."

थांबली.

लोकांना वाटलं, लाजली. हशा झाला. मागून कुणी ओरडलं, "घ्या की वहिनी!"

"चौरंगावर... मांडली..."

परत थांबली. ओठ हलतायत, आवाज नाही. हेरंबनं फोन वर धरला. शूटिंग करायला! आणि हसतोय!

जी बाई झिम्म्यात टाळीवर टाळी देत अख्खं गाणं वरच्या पट्टीत गाते, तिला एका ओळीला श्वास पुरत नाही? चौथी शिकलेय मी. मला दिव्यातलं कळत नाही, तारेतलं कळत नाही. पण गाणं आणि श्वास माझा धंदा आहे! चाळीस वर्षं उभी राहून तेच विकतेय! मी उठले. परीक्षकांच्या टेबलाला वळसा घालायलाही थांबले नाही, मधून गेले. कुणाचा तरी चहा सांडला. सांडू दे!

"आई, काय करतेस? बस!" — हेरंब.

मी वर चढले. हात धरला, नाडी बघायला. बोट कुठं ठेवू? बांगड्या! आणि त्या बांगड्यांनी ढकललेलं घड्याळ तळव्यापर्यंत उतरलेलं, कातड्यापासून सुटून तिरकं लोंबलेलं. तो हिरवा दिवा कातड्याकडं नाही, हवेकडं बघत होता! ब्याण्णव कुणाचं मोजत होतं ते, त्या सभागृहाचं?

मी दोन बोटं तिच्या गळ्यावर ठेवली. जबड्याखाली, नरड्याच्या कडेला. मंडळी, बोटांखाली ठोके नव्हते. पिंजऱ्यात पाखरू फडफडतं ना, तसं काहीतरी होतं. मला मोजता येतं, पण ते मोजण्याजोगं नव्हतंच.

मी माइकात म्हटलं — "खेळ थांबला! गाडी काढा!"

आणि वृंदा माझ्या अंगावर कलली.

सदूभाऊ, वाजवू नका. राहू दे शांत.

गाडीत ती माझ्या मांडीवर. हेरंब पुढं बसला होता, आणि सारखा मागं वळून फोन दाखवत होता. "आई, अजूनही नव्वदच दाखवतंय गं!" मी तो फोन त्याच्या हातातून घेतला आणि माझ्या पदरात गुंडाळला. "आता माझ्याकडं नको, तिच्याकडं बघ." त्यानं बघितलं. वृंदाचे ओठ निळसर झाले होते. तेव्हा माझा मुलगा पहिल्यांदा घाबरला. आकड्याविना.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई धावतच आल्या. तारा लावल्या. पडद्यावर आकडा आला — एकशेनव्वद. हेरंबनं वाचला आणि भिंतीला टेकला.

सिस्टर म्हणाली, "सलाइन लावायचंय, बांगड्या काढा."

हेरंबनं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच माझ्याकडं बघितलं. श्रावण, मंगळागौर, आणि घट्ट मापाच्या.

मी म्हटलं, "काढा! नवरा इथं धडधाकट उभा आहे, त्याला काय धाड भरलीय!"

साबण लावून एकेक उतरवली. फुटू दिली नाही एकही. आणि ठेवू कुठं? पिशवीत फुटतील, पलंगावर फुटतील. मी माझ्या हातात घातल्या. हो! मी, विधवा बाई, हिरव्या बांगड्या घालून दवाखान्याच्या बाकावर बसले होते! येणारे-जाणारे बघत होते. बघा म्हटलं. काचेला कळतं का, कुणाच्या हातात आहे ते? सुनेचा सौभाग्याचा चुडा सांभाळायला सासूचा हात चालत नसेल, तर मग कुणाचा चालतो?

तिकडं कोण कुजबुजलं? मोठ्यानं बोला की. नाही? मग पुढं जाऊ.

बाईंनी तिला आधी जोर करून फुंकायला लावलं, रिकाम्या सिरिंजमधे; तेवढ्यानंही कधी उधळलेलं घोडं ताळ्यावर येतं म्हणे. आकडा नाही उतरला. परत लावलं. नाही. मग शिरेतून औषध दिलं. पडद्यावरची रेघ एक क्षण अशी सपाट झाली, मंडळी... एक क्षण! मी त्या क्षणात सगळी देवळं फिरून आले. आणि मग टुक. टुक. टुक. शहाण्या घोड्यासारखं चालायला लागलं ते काळीज!

बाईंनी घाम पुसला आणि वृंदाला विचारलं, "कधीपासून होत होतं असं?"

"पहिल्या फुगडीपासून."

"मग थांबला का नाहीत?"

ती हेरंबकडं बघतही नव्हती. छताकडं बघत होती. पण त्या खोलीत उत्तर सगळ्यांना ऐकू आलं.

मग जरा वेळानं, डोळे मिटलेलेच, पुटपुटली. सिस्टरला वाटलं, पाणी मागतेय. कान लावला. तर ही म्हणतेय —

"चौरंगावर मांडली गौर, समया लावल्या दोन,
हेरंबरावांचं नाव घेते, मला अडवणार कोण!"

सिस्टर हसली. बाई हसल्या. हेरंब मात्र बाहेर गेला आणि व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी गेले नाही मागं. काही वेळा आईनं मागं जायचं नसतं.

बोला, भवानी आईचा — उदो!

आता वर्ष झालं. वृंदा बरी आहे. बाईंनी खेळायला पुन्हा परवानगी दिली. घड्याळ आता कुठं असतं? बांगड्यांच्याही वर, कोपराखालच्या मांसाळ भागावर, घट्ट. बांगड्या आपल्या जागी, घड्याळ आपल्या. म्हटलं नव्हतं मी, दुसरी जागा आहे म्हणून? आणि झिम्मा-फुगडीला तेही नाही, छातीचा पट्टा. पोलक्याच्या आत, ओला करून बांधायचा. खेळ सुरू करण्याआधी जरा स्थिर उभं राहायचं, आणि गळ्यावर बोटं ठेवून, पट्ट्याचा आकडा आणि बोटांचा आकडा जुळतो का बघायचं. सगळ्या बायकांना शिकवलंय मी. शकूवहिनी तर आता भाजी घेतानाही भाजीवाल्याच्या नाडीला हात घालतात.

पट्टा चांगला आहे. बरोबर दाखवतो. बाईंच्या यंत्राशी लावून बघितला. म्हणजे यंत्राचा दोष गेला, मंडळी. पूर्ण गेला!

मग मी आज का उभी आहे?

परवाचा मंगळवार. याच मंडपात तालीम. पिंगा चालला होता. वृंदा मधेच थांबली. स्वतःच थांबली, शहाणी पोर! कडेला आली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला बरं वाटत नाहीये."

आणि तो खांबाला टेकून बसलेला, हातात फोन, मान खाली. वर न बघता विचारतो —

"किती?"

किती! सांगा मला मंडळी, वर्षभरात काय बदललं? पट्टा बदलला. जागा बदलली. आकडा खरा झाला. आणि माणूस? साधी जेवणाची वेळ टळली होती, पित्त झालं होतं, लिंबूपाण्यानं गेलं. पण ते त्याला कुठं ठाऊक होतं? ठाऊक व्हायला तोंडाकडं बघावं लागतं!

आणि एकट्या हेरंबला हसू नका. तुम्ही सगळे विचारता. पोरगं म्हणतं, शाळेत जावंसं वाटत नाही, तुम्ही विचारता, किती मार्क पडले? म्हातारा म्हणतो, जेवण जात नाही, तुम्ही म्हणता, सकाळी तर दोन भाकऱ्या खाल्ल्यात! माणूस तुमच्यापुढं छाती उघडून उभा असतो, आणि तुम्ही पट्टी शोधता!

पेटी थांबव वृंदा. आरती नंतर.

हेरंब, उभा राहा. खांब सोड. हां, असा. काल म्हणालास, लोक हसतात. बघ, आत्ता कुणी हसतंय का?

फोन काढून घेणार नाही मी तुझा. घड्याळ राहू दे, पट्टा राहू दे, आकडेही बघ खुशाल. पण माझा निकाल ऐक, आणि या भवानीसमोर ऐक. आजपासून ती 'मला बरं वाटत नाही' म्हणाली, की 'किती' हा शब्द तुझ्या तोंडून पहिला यायचा नाही. फोन खाली ठेवायचा. तिला बसवायचं. तिच्या तोंडाकडं बघायचं. आणि विचारायचं —

"कुठं?"